नानांचे फोल्डर

नाना गाणं कधी नावाने मागू देत नसत. वाडीत आमच्या घरासमोरच त्यांचं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. कॅसेटींचे दिवस संपले तशी त्यांनी गाणी कॉम्प्युटरमध्ये भरली, बारा हजारांवर. कोणी अमुक गाणं लावा म्हणालं, की ते त्याच्या तोंडाकडे बघत, बाकडं पुढे सरकवत आणि आपल्या गावच्या बोलीत म्हणत, "बेसा ने. आधी पाणी प्या. गाणं मी काढतो."

आणि त्यांचे ते फोल्डर! 'पाहुणे गेल्यावर', 'भाजी निवडताना', 'कोणाशी बोलू नये वाटतं तेव्हा'. माझी सगळी नोकरी कारखान्याच्या रेकॉर्ड विभागात गेली. गाणी माझ्याकडेही होती. गायक, साल, संगीतकार अशी लावलेली, एक इकडचं तिकडे नाही. पण माझ्याकडे गाणं मागायला कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. अशाने वस्तू सापडते तरी कशी, असं मी एकदा त्यांना विचारलं. "वस्तूचं कुठे काय," ते म्हणाले, "माणूस सापडला की झालं ने." असलं काही बोलले की माझं डोकंच फिरायचं.

सासूबाई गेल्या तेव्हा माझी बायको सुधा आठवडाभर कोरड्या डोळ्यांनी बसून होती. मी तिला एकाहून एक भजनं लावून दिली. बंद करा म्हणाली. मग भाजी आणायला म्हणून गेली आणि नानांच्या दुकानातून डोळे सुजवून आली. त्यांनी 'रडू येत नाही तेव्हा' हा फोल्डर लावला होता म्हणे. तिला हलकं वाटलं याचा आनंद व्हायला हवा होता. पण खरं सांगतो, मी जळलो. एकतीस वर्षं संसार केलेला नवरा मी, आणि ही रडली कुठे, तर समोरच्या दुकानात!

मागच्या उन्हाळ्यात नाना गेले. तेराव्यानंतर त्यांच्या मुलीने हार्डडिस्क माझ्या हातात दिली. काका, तुम्ही व्यवस्थित ठेवाल, म्हणाली. ठेवली ना. तीन दिवस बसून सगळे फोल्डर मोडले आणि गाणी माझ्या पद्धतीने लावली. नानांनी दिलेलं एक नाव शिल्लक ठेवलं नाही. फार बरं वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी सुधा शेजारी येऊन उभी राहिली. "अहो, नाना गेल्यापासून डोळ्यांतून टिपूस आलं नाही. त्यांचा तो फोल्डर लावा ना."

मी गायक विचारला, एखादी ओळ विचारली. तिला काही सांगता येईना. तिथे नुसतं बसायचं असायचं, कोण गातंय ते कधी विचारलंच नाही, म्हणाली.

फोल्डर मोडला, हे मग सांगावंच लागलं. तरी ती जागची हलली नाही. समोर बारा हजार गाणी, एकूण एक जागच्या जागी. मेल्यावरही नानांनी मलाच हरवलं होतं, आणि तेव्हाही मला त्यांचा हेवाच वाटत होता. मग मी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"बेस ने," मी म्हणालो. "आधी पाणी पी."

आणि यादीतलं पहिलं गाणं लावलं.