शिळं पाणी ओतून टाकलं तो दिवस

रोज सकाळी नळ यायच्या आधी कालचं पाणी ओतून पिंप घासायचं, ही माझ्या माहेरची शिस्त. शिळं पाणी मी घरात ठेवत नाही. फणसवाडीच्या आमच्या चाळीत शेजारच्या काकू मात्र दोन-दोन दिवसांचं साठवतात. त्यावरून मी त्यांना भरपूर टोमणे मारलेत. त्या म्हणायच्या, "पाणी कसला शिळा गो? धरणात काय रोज ताजा भरतत?" गेल्या महिन्यात तर त्यांची पिंपं गॅलरीत अडचण करतात म्हणून मी तक्रारही केली.

त्या मंगळवारी पिंप घासून पालथं घातलं आणि नळ आलाच नाही. पाणीकपातीचा कागद चार दिवस जिन्यात लागलेला होता. मीच तो वाचून घरात सांगितला होता. पण हाताला सवय लागली की डोक्याला कोण विचारतं.

घरात सासरे अंथरुणावर. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांचं सगळं जागेवरच. त्यांना पुसायचं, चादरी धुवायच्या, आणि घरात पिण्याची एक कळशी तेवढी. टँकर संध्याकाळी येणार. नवरा पेपर वाचत म्हणाला, "नद्यांच्या पाण्यावरून देश भांडतायत, आपलं काय घेऊन बसलीस."

"देशांचं राहू दे. मी काकूंकडे कुठल्या तोंडाने जाऊ ते सांग."

त्याने पेपरची घडी केली आणि ऑफिसला निघून गेला.

सासऱ्यांना काहीच नको होतं. चहा नको, पाणी नको. ताप असेल म्हणून कपाळाला हात लावला, तर गार. मी घाबरले. अकराच्या सुमाराला लाज गुंडाळून ठेवली आणि बादली घेऊन काकूंच्या दारात उभी राहिले. त्या मला चार शब्द सुनावतील असं वाटलं होतं. त्यांनी माझी बादली भरली, आपली एक भरून स्वतः आणून दिली आणि म्हणाल्या, "अजून आसा. लागात तसा ने."

मोरीत बादल्या ठेवल्याचा आवाज सासऱ्यांनी ऐकला.

"पाणी मिळालं?"

"मिळालं, बाबा. भरपूर आहे."

"मग मला प्यायला दे."

दोन पेले ते एका दमात प्यायले. आपलं धुवावं लागू नये म्हणून हा माणूस सकाळपासून तहान मारून पडला होता. मला हायसं वाटलं आणि रडूही आलं. तिसरा पेला ते नको म्हणत होते, मी पाजलाच.