उसन्या वादकाची मैफल

दंतवैद्याच्या दवाखान्यामागे एक अरुंद प्रयोगशाळा होती. तिथे ताई कवळ्या घडवी. प्लास्टरच्या साच्यावर मेणाच्या हिरड्या चढवायच्या, त्यांत एकेक दात रोवायचा आणि वरचा जबडा खालच्यावर टेकवून चावा जुळतो की नाही हे पाहायचे, असे तिचे काम. ते चालू असताना कानांत एकच बँड वाजे. उमेदीच्या वर्षांत जडलेले हे वेड केस पिकले तरी उतरले नव्हते.

"हातात परक्यांचे दात आणि कानात परक्यांचा गोंगाट," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणे. "तुझं स्वतःचं असं काही आहे की नाही गं?"

"कान माझेच आहेत," ताई म्हणे आणि पुन्हा मेण तापवायला घेई.

हा बँड कोणतेही गाणे दोनदा सारखे वाजवत नसे. ओळखीच्या सुरावटीने सुरुवात होई, मग गाण्याचे कुंपण ओलांडून पाचही जण मोकळ्या रानात शिरत. कुठे जायचे हे कोणालाच ठाऊक नसे आणि परतायची वाट एकमेकांचे ऐकतच शोधावी लागे. म्हणून चाहते त्यांची गाणी मोजत नसत, रात्री मोजत. गाजलेल्या रात्री सगळ्यांना पाठ होत्या. ताईचा जीव मात्र दुर्लक्षित रात्रींवर. वीज गेल्यावर ड्रमरने अंधारात एकट्याने गाणे तोलून धरले, ती एक. गायकाचा घसा बसला म्हणून शब्दांवाचून निभावलेली, आणि म्हणूनच तिच्या मते सर्वांत बोलकी, ती दुसरी. या रात्रींसाठी ती कोणाशीही हमरीतुमरीवर येई.

सायकलींच्या दुकानामागच्या खोलीत अशा चाहत्यांची महिन्यातून एकदा बैठक भरे. प्रत्येकाने आपली एक उपेक्षित रात्र ऐकवायची. नियम कडक होते. टेप सुरू झाली की बोलायचे नाही, उठायचे नाही, पुढे सरकवायचे नाही. मध्येच थांबवलेली रात्र त्या खोलीत पुन्हा कधी वाजत नसे. शेवटी हात वर करून निकाल लागे.

त्या रविवारी पाळी ताईची होती. तिने कॅसेट पुढे केली तसे निवृत्त गणितशिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, भुवया चढवून म्हणाले, "ही त्या उसन्या वादकाची रात्र ना? ज्याने भर गाण्यात वाट लावली?"

"ऐकली आहे का तुम्ही?"

"ऐकायची काय? ऐकून आहे की."

"मग आज ऐका," ताई म्हणाली आणि तिने स्वतःच टेपचे बटण दाबले.

ही रात्र तिला घरची होती. तो उसना वादक म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ. घरात त्याला अजूनही धाकटाच म्हणत. बँडचा बेस गिटार वाजवणारा ऐनवेळी तापाने आडवा झाला, तेव्हा हॉटेलात वाजवणाऱ्या या पोराला ही सगळी गाणी येतात असे कोणीतरी सांगितले. येणारच, ताईच्या टेप ऐकतच तो वाढला होता. पण मैफलीच्या दुसऱ्या भागातल्या लांबलचक गाण्यात तो चुकीच्या वळणावर वळला आणि हरवला. घरी आल्यावर त्याने बेस गिटार पलंगाखाली सरकवली आणि बहिणीला बजावले, "ताई, ही रात्र पुन्हा कुठे वाजवलीस तर तुझं माझं नातं संपलं." गर्दीत उभी राहून तिनेच ती रात्र टेप केली होती. आजवर ती एकटीच चोरून ऐके. आज पहिल्यांदा तिने शब्द मोडला होता, तोही त्याला कळणार नाही या भरवशावर.

पहिला भाग संपत आला होता. एवढ्यात दार ढकलून एक माणूस आत आला. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात गॅसची टाकी. दुकानदाराचा फ्रिज गार होईनासा झाला होता आणि कंपनीने दुरुस्तीवाला रविवारीच पाठवला होता. दुकानदाराने ओठांवर बोट ठेवून त्याला कोपरा दाखवला.

तो धाकटा होता; बेस गिटार सोडल्यापासून तो फ्रिजच दुरुस्त करत आला होता.

त्याने तिला पाहिले, हसला आणि 'तू इथे कशी?' अशा अर्थाने मान उडवली. मग फ्रिजमागे उकिडवा बसून नळी जोडली, टाकी उघडली आणि दाब दाखवणाऱ्या गेजच्या काट्याकडे पाहू लागला. कॉम्प्रेसर घुमू लागला. त्या घुमण्याखाली संगीत बुडेल, या वेड्या आशेला ताई चिकटून राहिली. पण त्याची मान हळूहळू स्पीकरकडे वळत गेली. स्वतःच्या बोटांचा आवाज माणूस विसरत नाही.

त्याने ताईकडे पाहिले. हसू पार मावळले होते.

तो उठून जाऊ शकत नव्हता. गॅस अर्धा भरलेला, काटा अजून खालीच. ताईने टेपकडे हात नेला. रात्र बाद होवो, मास्तर काय वाटेल ते म्हणोत, भाऊ राहिला पाहिजे. तेवढ्यात धाकट्याने पंजा उगारला. थांब, बंद करू नकोस. मारायला उगारावा तसा तो हात होता, आणि ताईचा हात हवेतच राहिला.

दुसरा भाग सुरू झाला. ते गाणे आले. कुंपण ओलांडले गेले. ताईला पुढचा प्रत्येक सूर ठाऊक होता, आणि आज प्रथमच ठाऊक नसता तर बरे, असे तिला वाटले. वळण जवळ आले तेव्हा धाकट्याने टाकीची चावी फिरवली आणि भिंतीवरचे बटण बंद केले. कॉम्प्रेसर थांबला. आता खोलीत फक्त टेप वाजत होती.

बेस चुकला. अगदी स्वच्छ, पोरसवदा चूक. मग बेस थांबला. एक ठोका, दोन ठोके. दुरून कोणीतरी टिंगलीची शिट्टी मारली, एकच. आणि गिटारवाल्याने तोच चुकलेला सूर उचलला, पुन्हा वाजवला, पुन्हा. ड्रमर त्याच्यामागे आला. बेस घाबरत घाबरत परतला, आणि पाचही जण त्या चुकीच्या वळणावरून पुढे निघाले ते मूळ गाण्याकडे परत आलेच नाहीत.

टेप संपली. कोणी हात वर करण्याआधीच फ्रिजमागून आवाज आला.

"एवढंच?"

सगळ्यांनी वळून पाहिले.

"दोन ठोके थांबलो होतो मी?" धाकटा उभा राहिला. "फक्त दोन? मला वाटलं, युग लोटलं. आणि शिट्टी? सगळं मैदान शिट्ट्या मारत होतं ना, ताई?"

"एकाने मारली होती," ताई म्हणाली.

मास्तरांनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही..."

"हो, तो उसना. वाट लावणारा." त्याने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. "ताई, तुला हे माहीत होतं?"

"होतं."

"इतकी वर्षं?"

"तूच बजावलं होतंस, धाकट्या. वाजवलीस तर नातं..."

"मी बजावलं!" तो कडाडला. "मी लाख बजावीन! मी तेव्हा कोण होतो? मिसरूड फुटलेलं पोर! थोरली तू होतीस ना? माझे दोन्ही कान धरून बसवायचं होतंस समोर!"

शब्द मोडल्याची शिक्षा भोगायची तिने तयारी केली होती. शब्द पाळल्याची शिक्षा असते, हे तिच्या ध्यानीमनी नव्हते.

धाकट्याने पुन्हा बटण लावले. काटा जागेवर येईपर्यंत तो पाठमोरा बसून राहिला. मग त्याने नळी सोडवली, पिशवी भरली आणि दुकानदाराला म्हणाला, "गॅस भरलाय. संध्याकाळपर्यंत दार उघडू नका." ताईकडे न पाहता तो बाहेर पडला.

पायऱ्या उतरल्याचे ऐकू आले. गाडीचे दार उघडले, आपटले. इंजिन मात्र सुरू झाले नाही. भोंगा वाजला. पुन्हा वाजला, या वेळी लांब.

"ताई, अहो, मतदान राहिलंय," दुकानदार म्हणाला.

"घ्या तुम्ही," ती म्हणाली आणि टेपमधून कॅसेट काढून घेतली.

रस्त्यावर धाकटा पुढच्या सीटवरचे पाने-पक्कड आणि तांब्याच्या नळ्या मागे फेकत होता. चेहरा अजून तसाच, तांबडालाल.

"बस," तो म्हणाला. "मला अजून दोन फ्रिज बघायचेत. आणि त्या शिट्टीच्या थोडं आधीपासून लाव. बोलू नकोस."

ताई बसली. तिने कॅसेट गाडीच्या टेपमध्ये घातली आणि मागे फिरवायला घेतली.