वरच्या मजल्यांचे कठडे

समुद्रासमोरच्या त्या इमारतीचे सगळे कठडे फिटरने बसवलेले. अकरा वर्षांत एकालाही डाग नाही. ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमच्या अंगावर पातळ कवच असतं, दर आठ दिवसांनी गोड्या पाण्याने खार धुतला की ते आपल्याला पुरून उरतं, असं तो बायकोला सांगायचा. दोन धातू भिडून गंजू नयेत म्हणून स्टीलच्या स्क्रूखालीही प्लास्टिकची चकती घालायचा.

शिडीवरून पडून तो अंथरुणाला खिळला, तेव्हा कठडे धुण्याचं काम बायकोने मागून घेतलं. घर त्या कामावरच चालायचं. रोज संध्याकाळी तो विचारी, गोड्याच पाण्याने ना? ती हो म्हणे.

उन्हाळ्यात इमारतीचं पाणी तुटलं. बादल्या चढवून तिचे खांदे भरून आले, नि वरच्या तीन मजल्यांना दोन महिने पाणी लागलं नाही. खार दगडासारखा बसला. मग संडास धुवायचं ॲसिड फडक्यावर घेऊन तिने घासलं. कठडे आरशासारखे निघाले. बिऱ्हाडांतल्या बायकांनी कौतुक केलं. तिला वाटलं, आपण नवऱ्याच्या वरताण निघालो.

पावसाळा सरता सरता वरच्या कठड्यांवर पांढरी भुकटी सुटली, मग टाचणीएवढी भोकं पडली.

इमारतीचा व्यवस्थापक घरी आला, बसलासुद्धा नाही. फिटरने हलका माल घातला, माणसं आली आहेत, आजच सगळं कापून काढतोय, म्हणाला.

"माल हलका नव्हता हो," फिटर उशीवरून मान उचलून म्हणाला. तेच पुन्हा. पुन्हा.

"मग काय, समुद्राने दात लावले?"

 चोख कामाचं नाव, आयुष्यात फिटरने कमावलं होतं ते एवढंच. खरं सांगितलं तर आपलं काम जाणार, हे त्याच्या बायकोला दिसत होतं.

"ॲसिड मी लावलं. वरच्या तीन मजल्यांना."

व्यवस्थापकाने गॅलऱ्यांच्या किल्ल्या मागून घेतल्या आणि तो गेला.

 फिटरने शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"खालचे धुतलेत ना नीट?" त्याने विचारलं.

"दर आठवड्याला."

"मग ते चांगले आहेत. जा, सांग त्यांना. खालच्यांना हात लावू नका म्हणावं."

ती अनवाणीच धावली. दरवानाने फाटक उघडलं नाही. गजांतून तिने पाहिलं. कापायला त्यांनी खालूनच सुरुवात केली होती.