दुःख समजून घेणारे मामा

अर्धापूरच्या पॅकिंग हाऊसमध्ये केळीच्या फण्या धुणाऱ्या सुमनबाईंना गेल्या मंगळवारी सकाळी आठ वाजता फाटकातूनच परत पाठवलं. पाठवणारे मॅनेजर म्हणजे माझे सख्खे मामा. आणि मी पैजेवर सांगतो, दुसऱ्याचं दुःख समजून घेणारा असा माणूस नांदेडपासून लातूरपर्यंत सापडायचा नाही. बाईची रोजी घालवताना त्यांच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं.

मामांना रडण्याची हौस पहिल्यापासूनची. कुणाकडे मयत झाली की तिरडीच्या आधी यांची स्कूटर दारात. खिशात दोन रुमाल, एक घामाचा, एक मयतीचा. एकदा लातूरकडच्या मुरुडला ते इतके गहिवरले की घरची माणसं आपलं रडणं थांबवून यांनाच सावरायला लागली. नंतर कळलं, मामांना जायचं होतं पलीकडच्या गल्लीतल्या मयतीला. "चुकलं तर चुकलं," मामा म्हणाले, "मेलेला माणूसच होता ना?" अशा माणसाला मालकांनी लातूरच्या एका हॉटेलात दोन दिवसांच्या शिबिराला धाडलं. विषय होता नेतृत्व आणि भावनिक बुद्धिमत्ता. तिथून मामा शिकून आले की हाताखालच्या माणसाच्या डोळ्यांत बघायचं, नाव घेऊन बोलायचं आणि "मी समजू शकतो" म्हणायचं. झालं! दुसऱ्या दिवसापासून ते पापणी न हलवता बघायला लागले. बायकांना वाटलं, साहेबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं. "कौसाबाई, मनात काय चालू हाय?" त्यांनी हौदापाशी दिवसभर उभ्या असणाऱ्या एका म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, "मनात काय न्हाई साहेब, कंबरेत लई चालू हाय. बसायला स्टूल द्या." मामा म्हणाले, "मी समजू शकतो." स्टूल अजून यायचं आहे.

मग नायगावला सुमनबाईंचा भाऊ वारला. मामा अर्थातच हजर. मयतीच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणतात आणि घरच्यांना बळेबळे कडू घास भरवतात. सुमनबाई तोंड उघडेनात, तेव्हा मामांनी भावाच्या मायेनं स्वतःच्या हातानं घास भरवला. बायका हळहळल्या, साहेब असावा तर असा! घास अजून गिळलाही नव्हता, तेवढ्यात साहेब हळूच म्हणाले, "सुमन, उद्या दिल्लीची गाडी भरायची हाय. येशील न्हव?"

सुमनबाई दहावा उरकूनच आल्या. फाटकात मामांनी त्यांच्या डोळ्यांत खोल बघितलं. "सुमन, तुझं दुःख मी समजू शकतो. पण तुझ्या जागी दुसरी बाई घेतली."

"समजून राहिलात तर आत घ्या की साहेब," सुमनबाई म्हणाल्या. "रडायला घरी लई माणसं हायत."

मी भांडायला गेलो, तर मामा म्हणाले, "भाच्या, केळी कुणासाठी थांबत न्हाई रं." घरी येऊन मी आईपुढे तिच्या भावाचा उद्धार केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझे आजोबा गेले तवा तुझा मामा हमालीवर होता, गाडी भरून राहिला होता. मालकानं सोडलं न्हाई. आला तवर राखसुद्धा निवली होती. त्या दिवशी रडला न्हाई तो."

म्हणजे ते राहून गेलेलं रडणं मामा गावोगावच्या मयतींत अजून रडत असावेत. मला त्यांचं वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू, त्या रात्री जेवण गेलं नाही. पण ज्याला बापाच्या मातीला सोडलं नाही, त्यानंच भावाचा दहावा केला म्हणून एका बहिणीला कामावरून काढावं? मामांच्या दुःखाची किंमत सुमनबाईंनी का मोजायची?

म्हणून, पॅकिंग हाऊसमधल्या बायांनो, हमालांनो आणि तिथं केळी घालणाऱ्या बागायतदारांनो, सोमवारी सकाळी आठच्या आत फाटकावर या. सुमनबाई आत जाईपर्यंत कुणी आत पाऊल टाकू नका, एकही गाडी भरू नका. मामा रडतील. रडू द्या, त्यांच्या पाठीवर हात ठेवा. पण बाईला कामावर घेतल्याशिवाय जागचे हलू नका.