पंपघराच्या मागे

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी सेक्टर दहामधल्या क्वार्टरच्या अंगणात पेपर वाचत बसलो होतो. तो कुम्हारीजवळच्या एका छोट्या कारखान्यात फिटर आहे. तिथल्या नव्या साहेबांना इंग्रजीत सूचना काढण्याची हौस. कामगारांना इंग्रजी येत नाही यात त्यांना अडचण नव्हे, प्रतिष्ठा वाटत असावी. घरात इंग्रजी पुस्तकं माझी, त्यामुळे साहेबांचा अर्थ लावणं माझ्याकडे.

त्या सकाळी मोबाइलवर सूचना आली होती: ‘गॅस लीक बिहाइंड पंप हाउस. स्टे इन फ्रंट.’ बिहाइंड म्हणजे मागेच ना, एवढं भावानं विचारलं. मी हो म्हणालो. मग बरोबर आहे, म्हणाला; सगळे पुढच्या बाजूलाच उभे होते.

फोन ठेवता ठेवता मी थबकलो. आम्ही पोलाद प्लांटच्या टाउनशिपमध्ये वाढलेली माणसं. घराचं दार कुठेही असो, प्लांटकडची बाजू ती पुढची. वडील तर कायम प्लांटच्या धुराड्यांकडे तोंड करूनच पत्ता सांगत. कारखान्यातही ही मंडळी भट्टीकडच्या बाजूला पुढची म्हणत.

“साहेबाची केबिन कोणीकडे आहे?”

“रोडकडे. कावून?”

म्हणजे साहेबांनी खिडकीतून पंपघराकडे पाहून लिहिलं असणार. त्यांची मागची बाजू भट्टीकडची.

“अन् तुमी लोक?”

“भट्टीकडेच हावो. वासगिस काही नाही, भाऊ. डोकं मात्र जड वाटून राहिलं.”

भट्टीच्या वायूला वास नसतो, हे मी वाचलं होतं. सगळ्यांना घेऊन रोडकडे पळ, असं मी त्याला सांगितलं. फोन चालूच राहिला. बुटांचा आवाज, खोकला, काहीतरी जड पडल्यासारखं. मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी ट्रकचे हॉर्न ऐकू आले, तेव्हा ते रोडवर पोचल्याचं कळलं.

संध्याकाळी तो घरी आला. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या जोडीदाराला दवाखान्यात ठेवलं होतं. अजून शुद्ध नव्हती. साहेबांनी सगळ्यांना उभं करून भाषण केलं होतं, आपण सूचना वेळेवर दिल्याबद्दल.

मी त्याला समजावलं, यापुढे आधी साहेब कुठे बसलेत ते बघ, मग मागचं-पुढचं ठरव.

तो नळावर डबा घासत होता.

“साहेब आता रायपूरच्या ऑफिसात बसणार हायेत,” तो म्हणाला. “सूचना तिथूनच येतीन.”