सव्वाअकराचं विमान

ती केस आठवली, की आजही मला माझीच भीती वाटते.

मी पांढुर्ण्याच्या ठाण्यात होतो. तिगावकडच्या कोटवाराने, म्हणजे गावच्या चौकीदाराने, खबर आणली, की संत्र्याच्या बागेतला मालक विहिरीत मोटर दुरुस्त करायला उतरला आणि करंट लागून गेला. अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा झाला. निघताना कोटवार हळूच म्हणाला, "सायेब, त्याचा साळा होता तिथं. वावराच्या वाटणीवरून सकाळीच भांडून राहिले होते दोघं."

शेजारी कापूस वेचणाऱ्या दोघी बाया ठाम होत्या. "विमान वरून गेलं, तवा साळा मोटरीच्या डब्याजवळ उभा होता."

हे विमान शिकाऊ वैमानिकांचं. एका लहान धावपट्टीवरून अकराला उडायचं, शेजारच्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या धावपट्टीवर उतरायचं. सरळ अंतर नव्वदेक किलोमीटर, अर्ध्या तासाचं उड्डाण, आणि तिगाव साधारण मध्यावर. म्हणजे इथे सव्वाअकरा. बायांची भाकरी सुटायची ती त्याच्याच आवाजावर. शेतीची वीजही अकराला यायची. वीज आलेली, मालक विहिरीत, साळा डब्यातल्या बटणाजवळ. मी साळ्याला उचललं.

रिमांडमध्ये तो एकच सांगत राहिला. "साडेदहाच्या बसनं सौंसरले गेलो, सायेब. तहसीलीत अंगठा देला."

रजिस्टरात पावणेबाराला अंगठा होता खरा, आणि सौंसर सव्वा तासाच्या वाटेवर. पण कारकून वेळ अंदाजाने टाकतात म्हणून मी ते बाजूला सारलं. घमेंड, दुसरं काय!

मेलेल्याची बायको, म्हणजे साळ्याची बहीण, ठाण्याच्या पायरीवर बसून असायची. "एक तर गेला, सायेब. दुसऱ्याले तुमी नेऊन राहिले."

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास बायांना घेऊन विहिरीवर गेलो. थोड्या वेळाने दोघींनी बोलणं थांबवलं. हवालदारही थांबला. दुरून घरघर आली, डोक्यावरून गेली, विरली. ऊन डोळ्यांत जात होतं, वर काही दिसलं नाही. मी नव्या पंचनाम्यात लिहिलं, '११.१५, विमान गेले.'

उड्डाणांची नोंद जोडायची म्हणून दुपारी धावपट्टीवर गेलो. शेडमध्ये ते एकुलतं एक विमान उभं होतं, इंजिन उतरवून कापडावर मांडलेलं. मेकॅनिक म्हणाला, "बारा दिवस झाले, सायेब, असंच पडून हाय. दुसरं इकडून जातच नाही."

मी सकाळी लिहिलेली ती ओळ काढून पुन्हा वाचली.

म्हणजे मालक मेला त्या दिवशीही विमान गेलं नव्हतं. बायांना पुन्हा विचारलं, वर पाहिलं होतं का? "रोजच जाते, सायेब. वर कोण पाह्यते?" साळा त्यांना दिसला होता, पण विमान उडालंच नाही तर वेळ कुठली धरायची? बसच्या कंडक्टरने त्याला ओळखलं. मग मोटरीचा डबा उघडला. आत ऑटो लावलेला होता. वीज आली, की मोटर आपोआप सुरू. भांडणाच्या रागात मालक तो काढायला विसरला आणि तसाच विहिरीत उतरला. बटण कुणीच दाबलं नव्हतं.

खोटं बोलणारा साक्षीदार मी शंभर पावलांवरून ओळखायचो. खरं बोलणाऱ्यापासून सावध राहायचं असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्या खरेपणावर मी एका निरपराध माणसाला जन्मठेपेच्या दारात नेलं होतं.

सुटका झाली तेव्हा बहिणीने भावाचा हात दोन्ही हातांनी धरला. मी तिला सांगितलं, त्या दिवशी विमान गेलंच नव्हतं. ती म्हणाली, "पण मीबी आयकलं ना, सायेब. घरून."

ठाण्यात येऊन मी पंचनाम्यातली ती ओळ खोडली, शेजारी सही केली. मी काही ऐकलं नव्हतं, असं मात्र मला लिहिता आलं नाही.