घरोघरी परत घेतलेला शब्द

धुळ्यातल्या आमच्या चर्चमध्ये एक स्कूटर मेकॅनिक येतात. गीत गाताना ते सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढे असतात. संडे स्कूलच्या बाईंनी एकदा त्यांना जरा हळू गायला सांगितलं. त्या रागात, बाई लोकांच्या घरातल्या गोष्टी बाहेर सांगतात, असं त्यांनी घरोघरी पसरवलं. आम्हाला ते खरं वाटलं. बाईंनी चर्चला येणंच सोडलं.

एका रविवारी उपासनेत त्या मेकॅनिकांनी उभं राहून सगळं कबूल केलं.

पाळक म्हणाले, "देव क्षमा करतो. बसा."

"पण पाळकसाहेब," ते आपल्या अहिराणी वळणात म्हणाले, "लोकांच्या घरात माझं खोटं अजून तसंच शे."

उपासना संपल्यावर ते दारोदार फिरले. माझ्याकडेही आले. "भाऊ, बाईंची काही चूक नव्हती."

मग मलाही राहवेना. संध्याकाळी बाईंकडे माफी मागायला गेलो.

बाई हसल्या. "आज तुम्ही चौथे. आत या, चहा टाकते."